द्राक्षांच्या खोलीत

मामा गेल्याचं कळताच मी तासगावला पोचले. अंगणात माणसं बसली होती, पण मामा कुठंच दिसेनात.

"कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलंय," मामी म्हणाली. "लेक परदेशातनं उद्या येईल. तवर दुसरीकडं कुठं ठेवायचं?"

मी मामीच्या मागोमाग तिकडं गेले. ज्या खोलीत मामांनी उभा जन्म द्राक्षं टिकवली, तिथंच ते झोपले होते. हंगाम संपून खोली रिकामी झाली होती, तरी गोडसर वास रेंगाळत होता. तोडलेलं फळही गारव्यात श्वास घेत राहतं, असं मामाच सांगायचे. मी नकळत त्यांच्या छातीकडं बघत राहिले.

मामीनं स्वतःची शाल काढली आणि मामांच्या पायांवर नीट पांघरली.

"ह्यांना गारठा सोसत नाही गं," ती म्हणाली.