आलापल्लीचे डॉक्टर त्या दुपारी कुठे होते?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचे. नर्सनंच असलं काही मानलं, तर पेशंटनं कुणाकडे बघायचं? तरीही हे लिहितेय...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका दवाखान्यात मी एकटी नर्स. डॉक्टर आलापल्लीला राहायचे, अधूनमधून यायचे. त्या श्रावणात दोन्ही बाजूंचे नाले भरले आणि पाणी पायरीला लागलं. पायाच्या जखमेसाठी आलेली सखूबाई आणि तिची लहानगी लेक मैना माझ्याबरोबर आत अडकल्या.

दुपारी सखूबाईनं हाक मारली, "बाई, पोरगी कशीतरीच करून राह्यली. पाहा ना."

मैना घामानं भिजलेली, ओठ निळसर. अंगात ताप नाही. नाडी इतकी वेगात की मोजताच येईना. रडली तरी तोच वेग, निपचित पडली तरी तोच... हे हृदयाचं दुखणं, एवढं कळलं. पुढे काय करायचं ते कळेना. औषध नाही, वाट नाही. खिडकीतून नुसतं गढूळ पाणी दिसत होतं.

"बाई, वाचंल ना माही पोर?"

तेवढ्यात दारात डॉक्टर दिसले. कपडे कोरडे. वाटलं, डोंग्यातून आले असतील.

"सिस्टर, माठातल्या पाण्यात फडका भिजवा. कपाळ, डोळे, गाल झाकून थोडा वेळ दाबून धरा. नाक मोकळं ठेवा."

मी तसंच केलं. मैनानं श्वास रोखला आणि माझ्या बोटांखालची नाडी थांबली... मग एक ठोका. मग दुसरा. सावकाश, नीट.

मी वळले, तर दारात कोणी नाही.

"डॉक्टर कुठे गेले?"

"कोन डॉक्टर?" सखूबाई म्हणाली. "इथी तर कोनीच नाई आलं."

पाणी ओसरल्यावर डॉक्टर आले. ओल्या फडक्याचं सगळं सांगून मी आभार मानले, तर ते चकित झाले.

"सिस्टर, मी तर तेव्हा तापानं अंथरुणावर होतो. आणि हा उपाय मी आज पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकतोय."

पुष्कळ वर्षांनी नर्सेसच्या एका ट्रेनिंगमध्ये लहान मुलांच्या अशा नाडीवर हाच उपाय शिकवला — बर्फाच्या पिशवीनं. 'नवीन आहे,' असं शिकवणारे म्हणाले. बाकीच्या लिहून घेत होत्या... मी वही मिटली. डॉक्टर तोवर वारले होते. त्या दुपारी माझ्याशी कोण बोललं, ते मला आजही सांगता येत नाही.