दोन नद्यांमधला इंग्रजीचा वर्ग

बी.टी. होऊन मी ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. दुसरं महायुद्ध चालू होतं. एके दिवशी शिक्षणखात्याचे एक अधिकारी आमच्या शाळेत आले आणि शिक्षकांच्या खोलीत बसून चहा घेता घेता म्हणाले, "शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही शाळांना इंग्रजीचे वर्ग जोडायचे आहेत. मास्तर आहेत, पण सगळे मराठी सातवीची फायनल झालेले. इंग्रजी घरी पुस्तकावरून शिकलेत. भातकापणीच्या सुट्टीत त्यांना कसं शिकवायचं ते शिकवायला कुणीतरी जायला हवं. आतापर्यंत सगळ्यांनी नकार दिलाय."

मी म्हटलं, "मी जाते."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. "तिथं रस्ता नाही, बाई. नदी ओलांडून जावं लागतं."

"नदीपलीकडेही मुलं असतील ना?"

घरी वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हिवतापावरच्या क्विनाइनच्या गोळ्यांची बाटली आणून माझ्या ट्रंकेवर ठेवली. ती त्यांची परवानगी.

आसनगावला आगगाडीतून उतरले, टांग्यानं शहापूरला गेले, तिथून बैलगाडीनं किन्हवली आणि पुढे मुरबाडच्या बाजूला आणखी आत. कापलेल्या भाताचा वास सगळ्या वाटेवर होता. नदीवर होडी होती. होडीवाल्यानं माझी ट्रंक उचलून पाहिली.

"दगडं भरलीत का, बाय?"

"पुस्तकं आहेत."

"मंग बुडनार नाय. बसा. आमी बेटावरली मानसं, आमाला पान्याची भीती नाय."

दोन नद्यांमधल्या त्या मुलखाला सगळे बेटच म्हणत. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की चार महिने तिथलं माणूस बाहेर जात नसे आणि बाहेरचं आत येत नसे. दोन्ही तालुक्यांच्या मधे, म्हणून वर्ग तिथल्या शाळेत ठेवला होता. शाळा म्हणजे कौलारू एकच खोली आणि पुढे लांब ओटा. माझी राहण्याची सोय तिथल्या हेडमास्तरांच्या घरी होती. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पन्नाशी उलटलेली, पांढऱ्या मिशा, अंगात कोट. त्यांच्या बायकोनं पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, "एकलीच आली गो तू? नवऱ्यानं सोडलं कसं?" लग्न झालेलं नाही म्हटल्यावर तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

वर्गाला आजूबाजूच्या गावांतून दहाबारा मास्तर आले होते. कोणी दोन दोन कोस चालून येत. सगळे घोंगड्यांवर बसत. फक्त एक तरुण मास्तर दाराजवळ, उंबऱ्याला लागून, स्वतःचं तरट टाकून बसत. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले होते. प्यायचं पाणीही ते घरून आपल्या तांब्यातून आणत, कारण ओट्यावरचा माठ त्यांच्यासाठी नव्हता. हे कुणी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिसत होतं.

कॉलेजात मला नव्या पद्धतीचं शिक्षण मिळालं होतं. मराठीचा एक शब्दही न वापरता, वस्तू आणि चित्रं दाखवून इंग्रजी शिकवायचं. मी मोठ्या उमेदीनं रंगीत तक्ते नेले होते. पहिल्या तक्त्यावर एक इंग्रज कुटुंब भिंतीतल्या शेकोटीपाशी बसलेलं होतं. मी इंग्रजीत विचारलं, चित्रात काय दिसतं? कुणी तोंड उघडेना. बऱ्याच वेळानं गुरुजी मराठीत म्हणाले, "बाई, एक शंका. यांची चूल भिंतीत का?"

सगळे हसले, मीही हसले, पण प्रश्न पुन्हा इंग्रजीत विचारला तशी खोली परत गप्प झाली. चार दिवस असेच गेले. व्याकरण त्यांना माझ्याइतकंच येत होतं. फळ्यावर वाक्य लिहिलं की त्यातली चूक लगेच सांगत, पण मराठीत. गुरुजींनी तर शब्दकोश जवळजवळ पाठ केला होता. पण मी येईपर्यंत त्यांच्यापैकी एकानंही जन्मात कुणाच्या तोंडून इंग्रजी ऐकलेलं नव्हतं. जे ऐकलं नाही ते बोलायचं कसं? चुकलं तर बाकीचे हसतील, ही धास्ती वेगळीच. मी रात्री अंथरुणावर पडून विचार करी, की अधिकाऱ्यांना जाऊन काय सांगायचं.

पाचव्या दिवशी दुपारी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि मागे एकदम हालचाल झाली. वळून पाहिलं तर ओट्यावर पाचसहा सैनिक उभे होते. काळेकभिन्न, उंच, रुंद काठाच्या टोप्या, बूट चिखलानं माखलेले. युद्धासाठी आफ्रिकेतून आणलेल्या पलटणी तेव्हा नाशिकच्या बाजूला उतरल्या होत्या आणि जंगलात चालण्याच्या सरावासाठी हिंडत, असं मी ऐकलं होतं. हे वाट चुकून नदीच्या अलीकडे आले होते. बाहेर कुणीतरी ओरडलं, "शिद्दी आले रे, शिद्दी!" आणि अंगण रिकामं झालं.

त्यांच्यातला पुढचा, बहुधा नायक, उंबऱ्याशी आला. टोपी काढून दारातल्या मास्तरांच्या शेजारीच धपकन बसला आणि त्यांच्या तांब्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाला, "प्लीज, वोटा."

मास्तरांचा हात तांब्याकडे गेला आणि थांबला. त्यांनी आत आमच्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांनीच तोंड उघडलं. हळू, एकेक शब्द जोडत ते म्हणाले, "येस. बट... धिस इज माय वॉटर."

सैनिकाला अर्थ कळेना. "युवर वोटा इज नॉट गुड?"

"गुड," मास्तर म्हणाले. मग मान वर करून, "व्हेरी गुड वॉटर."

"देन गिव्ह मी, माय फ्रेंड!"

तो हसला, तांब्या घेतला, अर्धं पाणी घटाघटा प्यायला आणि उरलेलं आपल्या सोबत्यांकडे दिलं. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अजून शब्द शोधते आहे.

आमच्या मास्तरांपैकी कुणी त्या खोलीत पुस्तकाबाहेरचं बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

मग बांध फुटल्यासारखं झालं. सैनिकाला फळा दिसला. आपणही आपल्या गावी मिशनच्या शाळेत मास्तर होतो, असं त्यानं सांगितलं. त्याचं इंग्रजी माझ्या प्रोफेसरांना चाललं नसतं, पण त्याला त्याची फिकीर नव्हती. जे सांगायचं ते हातवारे करून, अडलं तर दुसरा शब्द घेऊन तो सांगत होता. गुरुजी उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "सर, हाऊ मेनी चिल्ड्रेन इन युवर स्कूल?" चिल्ड्रेनचा उच्चार त्यांनी 'चाइल्डरेन' केला. कुणी हसलं नाही. सैनिकाला बरोबर कळलं, त्यानं उत्तर दिलं. मग दुसऱ्यानं विचारलं, तुमच्याकडे भात पिकतो का? तिसऱ्यानं विचारलं, आई आहे का? आहे, तो म्हणाला आणि हातातली टोपी फिरवू लागला.

तासाभरानं होडीवाल्यानं त्यांना पलीकडे पोचवलं. दारातले मास्तर नदीपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. ते परत आल्यावर गुरुजी विचारात पडलेले होते.

"बाई, तो 'वोटा' म्हणाला. तुमी 'वॉटर' म्हणता. मी तीस वर्षं 'वाटेर' वाचत आलो. खरं कोनतं?"

"तो काय मागतोय ते आपल्याला कळलं ना, गुरुजी?"

"कळलं की."

"मग आधी ते. उच्चार आपण सुधारू."

दुसऱ्या दिवशी मी तक्ते ट्रंकेत बंद केले. शेत, नदी, होडी, बैल, जे दारातून दिसेल त्यावर बोलायचं, जोडीजोडीनं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि दाराकडे हात केला. "मास्तर, या इकडं. माज्यासमोर बसा. तुमी पैलं बोललात, मला तुमच्याशीच बोलायचंय." मास्तरांनी तरट उचललं आणि खोलीच्या मध्यावर आणून टाकलं. ओट्यावरचा माठ मात्र त्यांना बंदच राहिला. ते बदलायला आणखी वर्षं लागली. पण त्या खोलीत उरलेले सगळे दिवस ते दोघं समोरासमोर बसून भाताच्या भावापासून वाघापर्यंत सगळ्यावर चुकतमाकत इंग्रजीत भांडले.

पुढच्या कापणीला मी पुन्हा गेले. बेटावरच्या शाळेत इंग्रजी पहिलीचा वर्ग सुरू झाला होता आणि तो त्या तरुण मास्तरांकडे होता. मी ओट्यावर बसले असताना गावातले एक बडे शेतकरी आले. गुरुजींना म्हणाले, "आमची पोरं त्याच्यापाशी नाय शिकनार."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मंग माज्यापाशी धाडा. पन मी बोलायला त्याच्यापाशीच शिकलोय. ते तुमाला चालंल का?"

शेतकरी वळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची मोठी मुलगी धाकट्या भावाला घेऊन आली आणि दोघं मास्तरांच्या वर्गात जाऊन बसली.

मी आत गेले तेव्हा मास्तरांनी मुलांना सांगितलं, बाईंना हवं ते विचारा. सगळे गप्प बसतील अशी माझी अटकळ होती. पण तीच मुलगी उठली, पदर सावरला आणि विचारलं, "व्हेअर इज युवर व्हिलेज?" मी सांगितलं. ती खाली बसायच्या आधीच मागून चार हात वर झाले होते.