रस्त्याखालची मोरी

त्या दिवशी माह्या दारापुढं रस्त्यावर कोन कोन होतं ते पयले सांगून घेते, म्हनजे मंग घोळ नोको. सरपंच होती, गावचीच सून, डोक्यावर पदर अन हातात मोबाईल. तिचा नवरा होता. तो सरपंच नाही, पन बोलते तोच. ग्रामसेवक होता, नवाच आलेला, पुन्याकडचा, बोली एकदम शुद्ध. गवंडी होता, त्याच्यासंगं इटाचा ट्रॅक्टर. रस्त्यापलीकडची माही मैत्रीन होती. मी होती. अन दारात खाटेवर आमचा बुढा, माहा नवरा, होता. एवढेच. बाकीचे आज म्हनतात ना आम्ही बी होतो, ते मागून आले, गंमत पाहाले.

आमचं गाव मेहकरच्या अंगाचं. मांगं चढावर वावरं, त्याच्याखाली आमचं घर, मंग रस्ता, रस्त्यापलीकडं मैत्रिनीचं घर, अन तिच्या मांगं नाला. पानी वावरातून उतरे अन रस्ता ओलांडून नाल्यात जाये. ते कोनाले वाट इचारत नव्हतं.

रस्ता पयले मातीचा होता. मंग मुरूम पडला. मंग डांबर. मंग शिमिट. दर निवडनुकीले नवा रस्ता, अन जुन्यावरच नवा. खोदत कोनीच नाही. मी लग्न होऊन आली तवा घरात जाले पायरी चढा लागे. आता रस्त्यावरून घरात उतरा लागते. घर काही खाली गेलं नाही, बाप्पा. रस्ताच वर गेला.

तवापासून पानी रस्त्याले अडे अन मांगं फिरून आमच्या घरात घुसे. रस्ता कायचा, धरनाची पाळच ती. चूल इझून जाये. पिठाचा डबा मी फळीवर ठेवो, कोंबड्या आडव्या बल्लीवर बसत. बुढ्याच्या खाटेखाली इटा दिल्या होत्या. खाली पानी अन वर बुढा, डोंग्यात बसल्यावानी. पानी उतरलं की मी गाळ काढो, सारवो, परत सारवो. रडून काही भित वाळत नाही. पन मांगची मातीची भित पोटातून फुगली होती, अन ते मले दिसत होतं.

बुढ्याले लकवा मारला तवा त्याची सारी बोली गेली, एकच शब्द राह्यला. हाव. भाकर पाहिजे का? हाव. दुखते का? हाव. आमचा पुन्याचा पोरगा फोनवर म्हने, "बाबा, चला पुन्याले." हाव. मंग मी इचारो, "इथंच राहू ना आपन?" तेही हाव. त्याच्या मनातलं त्याच्या डोळ्यात पाहून समजून घ्या लागे.

पोरानं सांगून ठेवलं होतं, "आई, औंदा भित पडली तं मी काही ऐकनार नाही. गाडी घेऊन येतो." त्याचं बी खरं होतं. पन मले ठाऊक होतं, या मानसाले इथून उचललं तं तो वाटंतच जाईन. त्यानं आपल्या घरात डोळे मिटावं, एवढंच मले पाहिजे होतं. दुसरं मांगायसारखं काही राह्यलंच नव्हतं.

म्हनून मी ग्रामसभेत उभी राह्यली. म्हनलं, "साहेब, मले मोरी पाहिजे."

ग्रामसेवकानं मान वर केली. "घरात कोण कोण असतं, आजी?"

म्हनलं, "मी अन बुढा. तो खाटेवर हाये, उठता येत नाही."

त्याचं तोंड एकदम मऊ झालं. "होऊन जाईल, आजी. पावसाआधी होईल."

मले नवलच वाटलं. इतक्या लवकर तं देव बी ऐकत नाही.

अन खरंच, काही दिवसानं गवंडी दारात. इटा, रेती, नळाचा पाईप, सारं घेऊन. बुढ्याची खाट मी हवेले म्हनून दारात काढली होती. मैत्रीन तिच्या ओट्यावर मिरच्या निसून राह्यली होती.

गवंडी म्हने, "बुढीमाय, साहेबानं सांगतली ते मोरी कुठं बांधू? आडोसा कोन्या अंगानं करू?"

"आडोसा काऊन? रस्त्याखालून बांध."

"रस्त्याखाली आंघोळ करता का, बुढीमाय?"

"आंघोळ कायची करते मी? पानी जाईन तिच्यातून."

"तं मंग आंघोळ कोन करते?"

मैत्रीन पलीकडून वरडली, "अवं, वरून एष्टी जाईन अन खाली हे पाठ घासन! बुढ्याले साबन कोन देईन मंग?" अन अशी हासली की सुपातल्या मिरच्या खाली सांडल्या.

तेवढ्यात ग्रामसेवक फटफटीवर आला. मांगून सरपंच अन तिचा नवरा. सारं ऐकून ग्रामसेवकानं कपाळाले हात लावला. "अहो आजी, आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा. मला वाटलं, आजोबा खाटेवर आहेत, त्यांना धुवायला तुम्हाला पार अंगणात न्यावं लागत असेल. म्हणून घराजवळ मोरी मागताय."

म्हनलं, "भाऊ, तिले आम्ही न्हानी म्हनतो. मोरी म्हनजे रस्त्याखालचा नळा."

सारे हासले. तो बी हासला. मी बी हासली, अन मंग त्याच्याकडं नीट पाह्यलं. बुढ्याले मी आंगनात कशी नेत असन, हे गावात कोनाच्या ध्यानात आलं नव्हतं. या पोराच्या आलं. चुकून आलं, पन आलं ना.

सरपंचाचा नवरा म्हने, "ठीक हाये. रस्ता कापू, नळा टाकू. पन पानी निघन कुठं?"

सगळ्याईनं पलीकडं पाह्यलं. नळ्याचं तोंड सरळ मैत्रिनीच्या ओट्यापुढं निघत होतं. तिचं घरकुल नवंच झालेलं, दाराले रंग बी ताजा.

"एकीच्या घरातलं काढून दुसरीच्या घरात घालू का?" तो म्हने. "उद्या हे बाई येईन आमच्या दारात भांडाले."

त्याचं खोटं नव्हतं. मी म्हनलं, "राहू द्या. नोको मले मोरी. आम्ही जातो पुन्याले."

बुढा म्हने, "हाव." पन डोळे त्याचे चढावरच्या वावराकडं होते.

मैत्रीन ओट्यावरून उतरली अन मिरच्याच्या हातानं रस्ता ओलांडून आली. "काय म्हनली वं? पुन्याले जातं? अन मी भांडू कोनासंगं? सुनंसंगं? तिले तं धड भांडता बी येत नाही, लगेच रडते!"

"मंग पानी काय तुह्या घरात घालू?"

"घरात काऊन? या ओट्याखालून जुनी नाली होती, पार नाल्यापर्यंत. माह्या सासऱ्यानं बुजवली अन वर ओटा बांधला. तवा बाजूच्या बोळीतून पानी जाये, म्हनून खपून गेलं. आता बोळीत बी घरं झाली." तिनं गवंड्याकडं पाह्यलं. "पाह्यतं काय बे? फोड ओटा."

तो ओटा काय होता ते मले ठाऊक. आम्ही दोघी सुना म्हनून आलो तवापासून त्याच्यावर भाज्या निसल्या, लेकरं निजवली, सासवाईले नावं ठेवली. चौदा एप्रिलले ती मले तिथंच खीर वाढे, अन माही दिवाळीची करंजी तिथंच बसून खाये.

सरपंचाचा नवरा म्हने, "ते असं नाही होत, बाई. इष्टिमेट करा लागते..."

"तुम्ही थांबा जरा," सरपंच म्हनली. आम्ही सारे तिच्याकडं पाहत राह्यलो. "सही मी करते ना? तं बोलू द्या मले. नाली पक्की बांधू, नाल्यापर्यंत नेऊ. वर लाद्या टाकू. खालून पानी जाईन, वर मामीचा ओटा राहीन."

मैत्रीन म्हने, "लाद्या हालल्या तं मी तुह्या दारात येऊन बसन, सूनबाई."

"या ना, मामी. चहा ठेवते."

ग्रामसेवकानं बुढ्यापाशी वाकून इचारलं, "काय आजोबा, चालेल ना?"

"हाव," बुढा म्हने. या डावचा हाव खरा होता. त्याचे डोळे मले वाचता येत.

कागदं नव्यानं करा लागली, ग्रामसेवक मेहकरले चकरा मारून थकला, पन काम झालं. उरलेल्या इटात न्हानी बी झाली. मंग मोठा पाऊस आला. आम्ही दोघी जिच्या तिच्या दारात उभ्या. पानी वावरातून उतरलं, रस्त्याले आलं, जराक थांबलं, अन मोरीत तोंड घालून खाली गेलं. पलीकडं मैत्रिनीनं ओट्यावर पाय आपटला. "गेलं वं, बहीन, गेलं!" माह्या घरात सारवन कोरडं होतं. मी बुढ्याच्या खाटेखालच्या इटा काढल्या.

दिवाळीनंतर बुढा गेला. आपल्या खाटेवर, कोरड्या घरात. शेवटी इचारलं, "पानी देऊ?" हाव म्हनला. दोन घोट प्याला. मैत्रीन त्याच्या पायापाशी बसली होती.

मी अजून इथंच हावो. पोरगा म्हनते ये, मी म्हनते पाहू. पन औंदा एका पावसात पानी परत दारापर्यंत आलं. मोरीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पन्न्या, जुनं पोतं, कोनाची तरी गादीची खोळ. आम्ही दोघी बुढ्या पान्यात बसून हातानं ते ओढत होतो, अन रस्त्यानं जानारे पाहत होते.

म्हनून जो कोनी हे वाचन, त्याले एवढंच सांगनं हाये. तुमच्या गावात रस्त्याखाली मोरी असन, तं तिच्यात पन्नी टाकू नोका, अन पावसाच्या आधी एक डाव वाकून तिचं तोंड साफ करा.