जीपचे पिवळे दिवे

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट मी तोंडानं सांगून पाहिली आणि कोणी ऐकली नाही, म्हणून कागदावर उतरवते आहे.

आमचं गाव तापीच्या काठाला, शहाद्यापासून फार लांब नाही. घरी एक जुनी जीप आहे. माझ्या नवऱ्यानं घेतली तेव्हाही ती जुनीच होती. घेतल्यावर यांनी पहिलं काम काय केलं, तर बंपरच्या खाली धुक्यासाठी दोन पिवळे दिवे बसवून घेतले. दिवे वर लावले तर उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतो, खाली लावले तर रस्ता दिसतो, असं ते सांगायचे. मी ऐकून घ्यायची. मला त्यात काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

दिवाळीनंतर साखर कारखाना सुरू झाला की आमच्याकडे धुकंही सुरू होतं. नदीवरून ते शेतात येतं, त्यात पाचट जाळल्याचा धूर मिसळतो. पहाटे पुरुषोत्तमनगरला, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग असते. गाडीला मागे दिवा नसतो आणि ऊस हातभर बाहेर आलेला असतो. अशा रस्त्यानं हे वर्षानुवर्षं दुधाचे कॅन घेऊन डेअरीला गेले. आमचं दूध आणि गल्लीतल्या सहा-सात घरांचं. कधी कोणाला धक्का लागला नाही.

मला स्वच्छतेचं वेड. माझी भांडी गल्लीत सगळ्यात लखलखीत, हे मी स्वतःच सांगते, दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत नाही. जीप घरी आली की तिच्या दिव्यांवर चिखल आणि धूळ असायची. मला ते बघवत नसे. भांडी घासायला बसले की त्याच राखेनं आणि त्याच काथ्यानं मी दोन्ही दिवे घासून काढायची. पुढे तारेची घासणी आली, मग तिनं. आधीचे दिवे काचेचे होते. त्यातला एक दगड लागून फुटला, तेव्हा यांनी नवी जोडी आणली, ती प्लास्टिकची. मला दोन्ही सारखेच. मी घासत राहिले. एकदा हे शेजारी उभे राहून म्हणाले होते की त्याला ओलं फडकं पुरे. मी म्हटलं, फडक्यानं मळ निघत असता तर मी तव्यालाही फडकंच लावलं असतं.

मग दोन हिवाळे ते म्हणत राहिले की पिवळे दिवे गेले, नवे टाकायला हवेत. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी झालं होतं. डॉक्टरांनी नजर चांगली आहे म्हणून सांगितलं होतं, पण सत्तरीच्या माणसाची नजर कितीशी चांगली असणार, असं मी मनात धरून बसले होते. दिव्यांचा विषय निघाला की मी म्हणायची, "दिवा नही, डोया बदला." सुना हसायच्या. हेही थोडं हसायचे.

त्यातल्या शेवटच्या हिवाळ्यात एका पहाटे मी गुडघा दाखवायला शहाद्याला निघाले होते. यांच्या शेजारी बसले होते. पुढे नुसतं पांढरं होतं. दिव्यांचा उजेड निघत होता, पण पुढे जात नव्हता, जीपच्या तोंडापाशीच पसरून राहत होता. हे मान पुढे काढून अगदी हळू चालवत होते. तरीही बैलगाडी दिसली ती जवळ आल्यावरच. यांनी ब्रेक मारला. उसाची टोकं समोरच्या काचेवर आदळली आणि काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. गाडीवर उसाच्या ढिगावर एक बाई पोराला पोटाशी धरून बसली होती. कोणाला काही लागलं नाही. गाडीवाला दोन शिव्या देऊन पुढे गेला. ती बाई मात्र आमच्याकडे बघत राहिली, धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत.

मी घाबरले होते. घाबरले की माझं तोंड सुटतं. आम्ही तसेच घरी परतलो. ओट्यावर ज्यांचं दूध होतं ते गल्लीतले लोक जमले होते, दूध परत का आलं म्हणून विचारत होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "यासले आते दखास नही. चावी आजपासून मन्हापाशी राही."

यांनी चावी ओट्याच्या कडेला ठेवली आणि पाय धुवायला गेले. मी ती उचलली आणि पदराला बांधली.

त्यानंतर धाकटा मुलगा जीप चालवू लागला. तो पहिला हिवाळा त्यानं ऊन पडल्यावरच गाडी काढली, म्हणून काही कळलं नाही. हे घरी बसू लागले. दूध गेल्यावर ओट्यावर येऊन बसायचे, रस्त्याकडे बघायचे. शेजारचा मुलगा, चांगला लग्न झालेला, समजूतदार, गटार ओलांडताना यांचा हात धरू लागला. लग्नाच्या पंगतीत लोक सांगू लागले, काका, ही भाजी, हे वरण. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि त्याच दिवसांत मी गोधडी शिवायला बसले की सुई यांच्याकडे द्यायची. मला ओवता येत नव्हती. हे दोरा ओला करून एका झटक्यात ओवून द्यायचे. दोन हिवाळे मी यांच्याकडून सुया ओवून घेतल्या आणि यांना दिसत नाही असं गावाला सांगत राहिले. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकदाही शेजारी आल्या नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात डेअरीनं दूध लवकर मागितलं. मुलाला पहाटे निघावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो परत येऊन म्हणाला की आई, मला काहीच दिसत नाही. त्याचं वय पस्तीस.

मी त्याच्याबरोबर शहाद्याला गेले. गॅरेजमधल्या मेस्तरीनं पिवळे दिवे खोलले. आतला पिवळा बल्ब चांगला होता, आतली चंदेरी वाटीही चांगली होती. त्यानं वरचं झाकण काढून दिवा लावला आणि भिंतीकडे धरला. भिंतीवर पिवळा पट्टा उमटला, कडा अगदी स्वच्छ. मग झाकण पुढे धरलं. पट्टा गेला, सगळीकडे दुधासारखा उजेड सांडला. त्यानं झाकणावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हाई कोनी घासं?"

मुलगा हसून म्हणाला, "मन्ही माय. भांडासारखं घासस रोज."

मेस्तरीही हसला. म्हणाला की मावशी, तुमची भांडी बघायला यायला हवं. मी हसले नाही. मी ते झाकण हातात घेतलं. राखेचे आणि तारेचे गोल गोल ओरखडे होते, एकावर एक. माझा हात घासताना कसा फिरतो ते मला माहीत आहे. त्याच वळणाचे.

मेस्तरीनं नवी जोडी बसवली, जीप भिंतीपुढे उभी करून उजेड खाली वाकवला, आणि मला मुद्दाम सांगितलं की याला फक्त पाणी आणि मऊ फडकं.

घरी आलो तेव्हा हे ओट्यावर ताटात दादर निवडत होते. ज्वारीतले बारीक खडे चिमटीनं उचलून बाजूला टाकत होते. मी पदराची गाठ सोडली. मुलगा परत आला की चावी पुन्हा माझ्याच पदराला जायची, इतकी मी तिची राखण करत होते. ती ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "तुमना डोया चांगला शेत. दिवा मी खराब करात."

ते म्हणाले, "माले माहीत व्हतं."

मी विचारलं, मग त्या दिवशी ओट्यावर का नाही सांगितलं. त्यांनी एक खडा उचलला, बघितला, टाकला. "चार लोके बठेल व्हतात. त्यासनामोर तुले बोलू का?"

मी आत गेले आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चावी घेऊन जीपमध्ये बसले. इंजिन सुरू केलं, पिवळे दिवे लावले. रस्ता, त्याची कड, कडेचं गवत, सगळं दिसत होतं. मी ओट्यावरून बघत होते. ते बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग उतरले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसले आणि मुलाला म्हणाले की तू चालव, आता पायाला क्लच सापडत नाही. त्या दोन हिवाळ्यांत त्यांनी एकदाही गाडी चालवली नव्हती. मी चालवू दिली नव्हती.

आता ते रोज मुलाशेजारी बसून जातात. मुलगा सांगतो की पुढची बैलगाडी त्याच्याआधी यांना दिसते. परत आले की हे स्वतः दिवे पुसतात, जुन्या धोतराच्या फडक्यानं. मला हात लावू देत नाहीत. लावायचा नाहीच मला.

मी ओट्यावर लोक असताना सांगितलं. ज्यांच्यासमोर तेव्हा बोलले होते त्यांच्याचसमोर. दोघं त्यातले वारले होते, त्यांना सांगायचं राहिलंच. बाकीच्यांना म्हटलं, यांना चांगलं दिसतं, चूक माझी होती, दिवे मी घासून घासून आंधळे केले होते. त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली. शेजारचा मुलगा म्हणाला की असू द्या काकू, वयानं होतंच.

दुसऱ्या दिवशी गटारापाशी त्यानं पुन्हा यांचा हात धरला. यांनी धरू दिला.