एकाच नावाच्या दोघी

चिन्हवाटपाच्या दिवशी अधिकाऱ्यांनी "सुनंदा कदम" असं नाव पुकारलं आणि मी उठले. माझ्या मागच्या रांगेतून आणखी एक बाई उठली. मी अपक्ष होते. वस्तीतल्या बायकांनी पाण्याच्या प्रश्नासाठी मला नगरपालिकेला उभं केलं होतं. माझ्यापाशी ना पक्ष होता ना झेंडा. होतं ते फक्त नाव, आणि तेही आता दोघींचं झालं होतं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुम्हाला कुणी उभं केलं?"

"शेठनी. त्यांच्याकडे मी धुणीभांडी करते," ती म्हणाली. शेठ म्हणजे आमच्याच प्रभागातले पक्षाचे उमेदवार. "नुसती सही कर म्हणाले. ताई, माझ्यामुळे तुमचं काही वाईट होईल का?"

आपल्या नावाइतकं आपलं दुसरं काही नाही, असं आपण धरून चालतो, आणि कुणीतरी तेच सहज उचलून आपल्यापुढे उभं करतं. राग तरी कुणावर काढायचा? तिचंही नाव आईबापांनी हौसेनंच ठेवलं असणार.

मतदान करून ती सरळ माझ्याकडे आली.

"चिन्ह नीट बघून बटण दाबलं," ती हळूच म्हणाली. "शिट्टीचं."

शिट्टी माझी होती, तिची किटली.

मी पडले. किटलीची मतं मला मिळाली असती तर निवडून आले असते, असं सगळे सांगत होते. किटलीच्या तेवढ्या मतांत खुद्द सुनंदाबाईंचं मत नव्हतं.