मावशींनी सांगितलं म्हणून

धुळ्याला नर्सिंग शिकून मी सुरतेत उधन्याकडच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात लागले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पेशंट बहुतेक कापडाच्या लूमवरचे कामगार आणि त्यांच्या घरचे. सलाइन लावणं मला जमत नव्हतं. पहिल्या टोचणीत शीर सापडायचीच नाही.

डॉक्टर सगळ्यांनाच "सरस, सरस" म्हणायचे, त्यामुळे त्यांच्या कौतुकाचा काही उपयोग नव्हता. इनचार्ज सिस्टर मात्र रिपोर्ट बुकात लाल शाईनं लिहायच्या. बारडोलीकडच्या गुजराती बाई, बोलणं मोजकं. एकदा माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'सलाइन चडावती वखते उतावळ करे छे.' मी नुकतीच गुजराती वाचायला शिकत होते. अक्षर अक्षर लावून वाचलं, 'घाई करते' असा अर्थ लागला आणि कानशिलं तापली. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या बाईला काय दिसतं? मी मराठी म्हणून हिला खुपते, असंच मी धरून चालले. त्यानंतर त्या जवळ उभ्या राहिल्या की मी आणखीच घाई करायचे.

जवळच्या डिंडोलीहून एक मावशी आयाच्या कामाला यायच्या. खानदेशच्याच. सुई टोचताना पेशंटचा हात धरायचं काम त्यांचं. एका दुपारी एका कामगाराला मी तिसऱ्यांदा टोचलं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "ताई, एक सांगू? राग धरू नको."

"सांगा."

"तू सुई हातात घेतली का श्वास रोखतेस. मंग घाईघाईनं टोचतेस. तुझं पाहून पेशंटबी अंग आवळतो. त्याच्या हातावरनं समजतं ना माय, हात माझ्या हातात असतो."

आयानं मला शिकवावं, हे आधी टोचलंच. पण हात त्यांच्या हातात असतो, हे खोडून काढता येईना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम श्वास सोडला, पेशंटला गावाकडचं विचारलं, शीर बोटानं नीट चाचपली. पहिल्याच टोचणीत सुई बसली. मावशींनी नुसती मान हलवली. चारेक महिन्यांत लहान मुलांच्या सलाइनसाठीसुद्धा मला हाक येऊ लागली.

मी सगळ्यांना सांगायचे, मला मावशींनी शिकवलं. इनचार्ज सिस्टरांनाही सांगितलं. त्या हसल्या, "सारुं थयुं," बरं झालं, एवढंच म्हणाल्या.

इनचार्ज सिस्टर नोकरी सोडून बारडोलीला गेल्या, त्या दिवशी मावशींनी खरं सांगितलं. "त्यांनीच म्हटलं व्हतं मला. 'माझं ती मनाला लावून घेते, घाई करू नको म्हणून तू सांग.'"

मी विचारलं, "म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून बोललात?"

"दुसऱ्याचं ऐकून कसं बोलू? पंधरा दिवस तुझा हात पाहिला. खरं वाटलं तवा बोलले."

दोघींनी सांगितलेली गोष्ट एकच होती. एकीचं मी अपमान म्हणून वाचलं, दुसरीचं ऐकून सुधारले. आणि श्रेय मावशींना जातंय हे दिसत असूनही त्या गुजराती बाईनं अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी माफी मागायला बस पकडून बारडोलीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आधी जेवायलाच वाढलं.