बारा फूट पाणी आणि तीन ठोके

स्कूबाचा ब्लॉग म्हणून निळा समुद्र आणि प्रवाळांचे फोटो शोधत आला असाल, तर आधीच सांगते. या लेखात मासा एकच आहे आणि तो मी रविवारी दुपारी भाकरीबरोबर खाल्ला. आमचा प्रवास होता राहुरीपलीकडचं बेलापूर ते नगरची सावेडी, आणि तिथून पोहण्याच्या तलावात बारा फूट खाली.

डिसेंबरात तारकर्लीला जायचं, त्याआधी नगरला स्कूबाचा दोन दिवसांचा वर्ग करायचा, हा सगळा घाट मी मामांसाठी घातला होता. मामा एकसष्ट वर्षांचे. पंपाच्या पाइपाच्या तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो तो गाळाने बसला, की आजूबाजूच्या चार गावांतून मामांना बोलावणं येतं. ते एका दमात विहिरीचा तळ गाठतात, काम उरकतात आणि वर येऊन बिडी मागतात. आठव्या वर्षी पाठीला डबा बांधून मला पोहायला त्यांनीच शिकवलं. शिकवण एकच, "दम धर." समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. तो त्यांना आतून दाखवायचा, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवारी सकाळी मामा स्टँडवर आले तर सदऱ्याच्या खिशात बारा-तेराचा पाना.

"मामा, समुद्राला नट-बोल्ट नसतात," मी म्हटलं.

"आसू दे गं. पाना नसला की खिसा मोकळा वाटतो."

हा पाना नट सोडवायला कमी आणि ठोके द्यायला जास्त लागतो. विहिरीत माणूस उतरला की वरचा माणूस लोखंडी पाइपावर ठोके देतो. एक म्हणजे बरा आहेस ना, दोन म्हणजे वर ये, तीन म्हणजे आहेस तिथेच थांब. लहानपणी आम्ही हा खेळ इतका खेळलो, की ते ठोके माझ्या अंगातच भिनलेत.

एसटीत बाईमाणूस म्हणून मला अर्धं तिकीट, मामांना पूर्ण, त्यावरून राहुरीपर्यंत त्यांची कुरकुर चालली. तिथे मिसळ खाल्ली आणि कुरकुर थांबली. पुढचा रस्ता इतका खड्ड्यांचा, की मिसळ पचायला वेगळं काही करावं लागलं नाही. स्वतःची गाडी असेल तर दोन तास हाताशी ठेवा. नगरच्या स्टँडवरून सावेडीला रिक्षा मिळते.

वर्ग घेणाऱ्या शबाना मॅडम नगरच्याच, अंदमानात शिकून आलेल्या. त्यांनी एक रिकामी बाटली बूच घट्ट लावून तलावाच्या तळाशी नेली. ती चेपली. मग तळाशी सिलिंडरच्या हवेने फुगा फुगवून सोडला, तो वर येता येता फुगत गेला. "दहा मीटर खाली हवा निम्म्या जागेत मावते," त्या म्हणाल्या. "वर येताना तीच पसरते. तुम्ही श्वास कोंडलात तर त्या फुग्याच्या जागी तुमची फुप्फुसं. चार फुटांवरूनसुद्धा इजा होते. म्हणून सिलिंडर लावल्यावर श्वास कधीही धरायचा नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर शिकवलेलं नेमकं उलटं निघालं होतं. मॅडमनी समजूत काढली, "तुम्ही वरून नेलेला दम वर येईपर्यंत पुन्हा तेवढाच होतो, मामा. आम्ही खाली हवा भरतो, म्हणून आमचा वाढतो."

मग आरोग्याचा फॉर्म आला. मामांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचं कारण मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पडद्याला जुनं भोक निघालं. "आता खोल पाणी बंद," डॉक्टर म्हणाले. "विहिरीतलंसुद्धा."

परत येऊन मामा मॅडमना म्हणाले, "खाली जाताना कान ठणकायचा. मी दात खाऊन तसाच जायाचो."

"दुखायच्या आधीच नाक धरून हलकेच फुंकायचं. दर दोन-तीन फुटांना. कान नाही सुटला तर थोडं वर यायचं, जोर करायचा नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही."

मामांनी डाव्या कानाला हात लावला. मग म्हणाले, "हे एवढंच हुतं व्हय?"

मला रडू आलं. म्हटलं, चला परत जाऊ, तारकर्ली रद्द. ते म्हणाले, "फी भरली हाय ना? तू उतर. मी वर बसतो."

रविवारी सकाळी मी सगळा जामानिमा चढवून मॅडमबरोबर तळाशी गुडघे टेकले. कान सुटले, श्वास चालू होता, बुडबुडे वर जात होते. वर काठावर, आमच्याच बाजूच्या लोखंडी शिडीजवळ मामा बसले होते. मग मास्कमध्ये पाणी भरून ते काढून टाकायचा सराव आला. पाणी नाकात गेलं आणि माझं शिक्षण विसरून माझं बालपण जागं झालं. मी छातीभर श्वास घेतला आणि धरला. भरलेल्या छातीने शरीर आपोआप वर निघालं.

तेवढ्यात ठण, ठण, ठण.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने येतो आणि कुठून येतो ते कळत नाही. तो चहूकडून आला. तीन ठोके म्हणजे थांब. काहीही विचार न करता मी शिडीची दांडी पकडली. मॅडमनी माझं जॅकेट धरलंच होतं. त्यांनी हाताने खूण केली, सोड. मी श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

वर आल्यावर मामांनी हात देऊन मला काठावर घेतलं. "बुडबुडं बंद झालं," ते म्हणाले. "विहिरीवर बसून आमी तेच बघत आस्तो." मॅडमनी पाना हातात घेऊन पाहिला. समुद्रात त्याही सिलिंडरवर असेच ठोके देतात म्हणे. मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी तिथेच, ओल्या अंगाने, पडले.

जाणाऱ्यांसाठी मॅडमचे आणखी दोन शब्द. वर येताना आपल्या सगळ्यात बारीक बुडबुड्यापेक्षाही हळू या. आणि आपण देशावरची माणसं, बुडी मारली त्याच दिवशी घाट चढून परतू नका. तो मुक्काम किनाऱ्यावरच करा.

तारकर्लीला आम्ही जाणार आहोत. मामा बोटीत बसतील. समुद्र त्यांना वरून दिसेल, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी शेजारच्या मळ्यातला संपत बोलवायला आला, फूटव्हॉल्व्ह बसला होता. मामा विहिरीपर्यंत गेले आणि काठावर बसले. "डॉक्टरांनी न्हाई सांगितलंय. तू उतर," ते म्हणाले. संपत पट्टीचा पोहणारा, पण तळाला कधी न गेलेला. मामांनी त्याला नाक धरून फुंकायला लावलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. "दुखायच्या आदी. दुखल्यावर न्हाई. न्हाई सुटला कान तर वर यायाचं, लाज वाटून घ्यायची न्हाई."

संपत खाली गेला. मामांनी चांगला कान पाइपाला लावला आणि एक ठोका दिला. खालून एक ठोका आला.

वर येऊन काठ धरून संपत दम खात राहिला. मग म्हणाला, "मामा, कान दुखलाच न्हाई की."

मामांनी पाना सदऱ्याला पुसून खिशात ठेवला.